जिवंत कवीचा दगड

एस्टोनिया हा देश नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल का तुम्हाला? लाजू नका. चार वर्षांपूर्वी मलाही येत नव्हता, आणि मी तर शाळेत शिकवत होते. शाळेतला जगाचा नकाशा वाळवीनं नेमका युरोपच्या बाजूनं खाल्ला होता, त्यामुळे इंग्लंडसुद्धा अर्धंच उरलं होतं. एस्टोनिया थंड समुद्राच्या काठी आहे, आपल्यासारखाच रानाचा देश आहे आणि तिथल्या माणसांची संख्या आपल्या दोन-तीन जिल्ह्यांत मावेल एवढी आहे, हे मला एका चार आण्यांच्या पुस्तिकेनं सांगितलं. त्या पुस्तिकेनं मला वेड लावलं, मग तोंडावर पाडलं, आणि त्यानंतर जे झालं ते सांगण्यासाठी मी लिहायला बसले आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. आईवडील गोंडपिपरीकडे धानाची शेती करतात. मला वाढवलं थोरल्या भावानं. तो आठवडी बाजारातून पत्रकं आणि स्वस्त पुस्तिका विकतो. मिरचीवाली आणि सुकटवाला यांच्या मध्ये पोतं अंथरायचं, त्यावर पुस्तिका मांडायच्या, वारा सुटला की प्रत्येकीवर एकेक खडा ठेवायचा. मी त्या पोत्यावर बसून वाचायला शिकले. ‘कमळ’ वाचता येण्याआधी मला ‘जमीनदारी’ वाचता येत होतं, आणि ‘बदक’ कसं लिहायचं हे कळण्याआधी ‘चळवळ’. छापलेला शब्द खोटा असू शकतो, ही कल्पना आमच्या घरात कधी शिरलीच नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी मला चामोर्शीपासून दोन कोसांवरच्या एका रानातल्या गावात शिक्षिकेची नोकरी मिळाली. गडचिरोली तेव्हाही चांदा जिल्ह्याचीच तहसील होती. आमचा जिल्हा कुठल्या राज्यात जाणार यावर बाजारात रोज भांडणं होत. मी चामोर्शीत भावाबरोबर राहायची आणि त्याच्या आडव्या दांडीच्या सायकलवरून रोज शाळेत जायची. लुगडं नेसलेली पोरगी मर्दानी सायकल चालवते, याची चर्चा राज्याच्या भांडणापेक्षा जास्त झाली.

शाळा होती, फळा होता, मुलं नव्हती. गाव गोंडांचं होतं. घरात गोंडी, बाजारापुरती मराठी. गावाचा मुखिया, त्याला तिथं गायता म्हणतात, दाराशी अंबाडीचा दोर वळत बसलेला असे. मी रोज जाऊन त्याला विनवायची. एक दिवस तो म्हणाला, “बाई, तू चांगली हाय. पण पोरगं शाळेत गेलं का त्याले आपली बोली बोलाची शरम वाटते. मंग ते ना आमचं राहाते, ना तुमचं.”

पत्रकांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्याच आठवड्यात भावाच्या पोत्यावर नवीन गठ्ठा आला. रशियाहून हिंदीत छापून आलेल्या पुस्तिका. त्यातल्या एकीत एस्टोनियाच्या एका कवीचं, कादंबरीकाराचं चरित्र होतं, चार पानांचं. मी ते बाजारातच उभ्यानं वाचलं, मग घरी जाऊन वाचलं, मग भावाला वाचून दाखवलं, मग त्याच्याकडून वाचून घेतलं.

तो एका जहागिरीवर जन्मला. जमीन जर्मन बोलणाऱ्या जहागीरदाराची, कचेरी रशियन भाषेत चाले, आणि एस्टोनियन फक्त गोठ्यात. सात वर्षांचा असताना तो जहागिरीची गुरं राखायला लागला. शाळेत स्वतःची भाषा बोलला म्हणून त्याच्या गळ्यात लाकडाची फळी अडकवली, आणि दिवसभर ती फळी वागवून तो संध्याकाळी तिच्याच मागच्या बाजूवर खिळ्यानं कविता कोरून आला. त्याची पहिली कविता ती. पुढं तो गावोगाव पायी फिरला. म्हाताऱ्यांजवळ बसून जुनी गाणी लिहून घेतली, आणि त्या गाण्यांच्या चालीवर स्वतःच्या कविता रचल्या. शहरातले शिकलेले लोक म्हणाले, या भाषेत गाईला हाक मारता येते, पुस्तक लिहिता येत नाही. त्यानं सात वर्षं बसून कादंबरी लिहिली. दोन भाऊ दलदल उपसून शेत करतात, एवढीच गोष्ट, आणि म्हणे त्या देशातल्या प्रत्येक घरात ती वाचली गेली. मग लढाई आली. या बाजूचं सैन्य आलं, त्या बाजूचं आलं. त्याचं घर जळालं. लढाई संपल्यावर त्याच्या कविता शाळेच्या पुस्तकात आल्या. चरित्र तिथं संपत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सायकल इतक्या जोरात हाणली की वाटेत साखळी दोनदा उतरली. गायत्यासमोर बसून मी ते सगळं सांगितलं. त्याचे हात दोर वळायचे थांबले. तो गोंडीत शेजाऱ्यांना सांगत गेला आणि माणसं जमत गेली. फळीच्या मागं कविता कोरल्याचं ऐकून गायत्याची म्हातारी बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यांनी कवीचं नाव ठेवलं ‘ढोरकी’. आमच्याकडे गुराख्याला ढोरकी म्हणतात. त्याचं खरं नाव तसंही आमच्या जिभेला झेपत नव्हतं.

सोमवारी गायत्यानं मुलं पाठवली. स्वतःचे दोन नातू सगळ्यात पुढं. मी फळ्याच्या एका बाजूला मराठी शब्द लिहायची आणि दुसऱ्या बाजूला मुलं सांगतील तो गोंडी शब्द. त्या दिवसांत मला भूक लागत नव्हती. चार पानांच्या कागदानं एक शाळा भरवली होती. ती मुलं माझ्या शब्दावर आली होती, एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

वर्षभरानं नवी पुस्तिका आली. ‘आजचे एस्टोनियन लेखक’. मी अधाशासारखी पानं उलटली. आमचा कवी नव्हता. पुन्हा उलटली. कविता नाही, छायाचित्र नाही, कादंबरीचा उल्लेख नाही, ओळसुद्धा नाही.

भावानं चष्मा पुसून शांतपणे निष्कर्ष काढला. पुस्तिका आजच्या लेखकांची आहे. त्यात तो नाही. म्हणजे तो आज नाही. “गेला तो,” भाऊ म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले. मीही रडले. छापील कागदावर वाढलेली आम्ही दोन माणसं, आम्हाला याखेरीज दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. जिवंत माणसाला पुस्तकातून गाळतात, हे आम्हाला कुठल्या पत्रकानं शिकवलं असतं?

मी मृत्युलेख लिहिला. इतक्या भरभर मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. चामोर्शीच्या बाजारात आम्ही शोकसभा घेतली. भावानं सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. मिरचीवालीनं विचारलं, कोण गेलं? भाऊ म्हणाला, एस्टोनियाचा कवी. ती म्हणाली, “हो का. अहेरीकडचा होता का?” आणि पदर डोक्यावर घेऊन तीही उभी राहिली. दोन मिनिटं फक्त बकऱ्या बोलत होत्या.

मग मी गावात जाऊन सांगितलं. तिथं मी जरा जास्तच बोलले. भाषणाची सवय होती. म्हणाले, ज्यानं आपल्या लोकांना भाषा दिली तो गेला, आणि त्याला कुठं पुरलं हेसुद्धा जगाला ठाऊक नाही. पुस्तिकेत असं काहीच नव्हतं. ते वाक्य माझं होतं, आणि बोलताना मला ते फार आवडलं होतं.

गायत्यानं विचारलं, “किती देवाचा होता तो?”

त्यांच्यात माणूस चार देवांचा, पाच देवांचा, सहा किंवा सात देवांचा असतो. त्यावरून त्याचं कूळ ठरतं, सोयरीक ठरते आणि मेल्यावर त्याच्या नावाचा दगड कुठं उभा करायचा तेही ठरतं. मी म्हणाले, बाबा, ते पुस्तकात दिलेलं नाही. त्याला माझ्या पुस्तकाची कीव आली असावी. गाव बसलं, गोंडीत बोललं. ज्याचा दगड नाही तो भटकत राहतो, आणि हा तर गुरं राखणारा, रानातला, आपल्यासारखा माणूस. चार दिवसांनी मी शाळेत आले तेव्हा गावाबाहेर, दगडांच्या रांगेपासून थोडा दूर, कुठल्याच कुळात नाही असा एक गुडघाभर उंचीचा दगड उभा होता. पायथ्याशी तांदूळ वाहिलेले होते. डोंगरावरून तो दगड चार माणसांनी खांद्यावर आणला होता. मी सायकल तिथंच टाकली आणि दगडासमोर जाऊन उभी राहिले. एस्टोनियाच्या कवीचा दगड चामोर्शीच्या रानात. मला वाटलं, पत्रकांतलं जग खरं झालं.

यानंतर आणखी एक उन्हाळा गेला. भावाबरोबर माल आणायला मी चांद्याला गेले. वैनगंगेवर डोंगा, पुढं मूल गावापर्यंत बैलगाडी, तिथून मोटार. जटपुरा दरवाज्याजवळ पुस्तकांचा एक ठेला आहे. तिथं एका नव्या मासिकाच्या आतल्या पानावर तो होता. म्हातारा, गाल बसलेले, हातात टोपी, मागं लाकडांची थप्पी. खाली लिहिलं होतं की काही वर्षांच्या खंडानंतर ज्येष्ठ कवीची नवी कादंबरी प्रसिद्ध होत आहे.

मी ठेल्यासमोर भर रस्त्यात ओरडले की तो जिवंत आहे. एक टांगेवाला थांबून म्हणाला, कोण जिवंत आहे बाई? मी त्यालाही सांगितलं. मला नाचावंसं वाटत होतं. तो जिवंत होता, आणि त्यानं आणखी एक कादंबरी लिहिली होती. आनंदाचा हा भर ओसरायच्या आत दुसरा विचार आला. दगड.

‘खंड’ म्हणजे काय, हे मला कळायलाच हवं होतं. वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपालांनी दुसऱ्या गोटाचं, अमेरिकेकडून फुकट येणारं एक मासिक काढून दिलं. त्यात होतं की त्याला कादंबरीचा शेवट बदलायला सांगितला होता, त्यानं नकार दिला, म्हणून त्याला लेखकांच्या मंडळातून काढलं, त्याची पुस्तकं कपाटांतून उचलली आणि तो लाकडाच्या वखारीवर राखणदार झाला. खरं किती, मला ठाऊक नाही. त्या मासिकालाही त्याच्या कवितेशी देणंघेणं नव्हतं. एक ओळसुद्धा कवितेची छापली नव्हती. त्यांना तो विरोधकाच्या डोक्यात हाणायला काठी म्हणून हवा होता. पण छायाचित्रातली लाकडांची थप्पी मला दिसत होती. एका कागदानं माणूस गाळला, दुसऱ्यानं वापरला, आणि मी, कागदावर वाढलेली, मी तर त्याला पुरूनच आले होते.

परतीच्या डोंग्यात भाऊ आणि मी भांडलो. नावाडी वल्हं मारायचं विसरून ऐकत होता.

“कोण सांगाले येणार हाय त्याहिले?” भाऊ म्हणाला. “एस्टोनियाचा माणूस चामोर्शीच्या बाजारात भाजी घेऊन राह्यला का?”

“मी सांगणार.”

“शाळा बुडवशील. स्वतःच्या हातानं. जित्या माणसाचा दगड उभा कराले लावला म्हणून गायता एक पोरगं ठेवणार नाई.”

त्याचं खरं होतं. गावानं मुलं दिली होती ती माझ्या शब्दावर, आणि तोच शब्द आता खोटा निघाला होता. गप्प बसले तर शाळा टिकणार होती. दोन कोसांच्या त्या रानात मरेपर्यंत कुणाला काही कळलं नसतं. मी भावाला म्हणाले, “भाऊ, तू पंधरा वर्षं बाजारात वरडून राह्यला, खरं बोला, जमीनदाराच्या तोंडावर बोला. गायत्यासाठी वेगळा कायदा हाय का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर भाऊ सायकलच्या चाकात हवा भरत होता. म्हणाला, मीही येतो, पुस्तिका मीच विकली होती.

गायता दाराशीच होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तो मेला नव्हता, पुस्तिकेनं त्याचं नाव गाळलं होतं, आम्ही समजलो मेला. कुठं पुरलं ठाऊक नाही, हे वाक्य तर मी मनानंच जोडलं होतं. ते शेवटचं सांगायला सगळ्यात जड गेलं.

म्हातारी आतून म्हणाली, “बिचारा. तो तिकडं जेवून राह्यला असन, नि आपण इकडं त्याले तांदूळ वाहून राह्यलो.” पण गायता हसला नाही. त्यानं दोर बाजूला ठेवला आणि एवढंच म्हणाला की हे गावाचं काम आहे, गाव बसेल, तोवर पोरं येणार नाहीत.

तीन दिवस मी रिकाम्या शाळेत बसले. फळ्यावर अर्धे शब्द माझे, अर्धे त्यांचे, आणि समोर कुणी नाही. मला पश्चात्ताप झाला का? खरं सांगते, भीती वाटली. पश्चात्ताप झाला नाही.

चौथ्या दिवशी मोहाच्या झाडाखाली गाव बसलं. म्हाताऱ्या माणसांचा जोर होता की जित्याचा दगड ठेवला तर त्या माणसाला बाधेल, आणि उपटला तर गावाला. एक तरुण म्हणाला की बाईनं आम्हाला फसवलं. गायत्यानं त्याला थांबवलं. तो मराठीत बोलला, मला कळावं म्हणून. “फसवणारा परत येत नाई. ते सायकल घेऊन आली.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “पण तुले दंड लागते.”

दंड म्हणजे गावाला जेवण. जित्याला मेला म्हटलं की म्हणणाऱ्यानं गावाला जेवू घालायचं. भावानं चामोर्शीहून तांदळाचं पोतं सायकलवर लादून आणलं. दोनदा पडला. कोंबड्या गावानंच दिल्या आणि त्यावरून भावाची थट्टाही केली की पुस्तकं विकणाऱ्याला कोंबडी ओळखता येते का. दगडाचा निवाडाही तेव्हाच झाला. गायत्यानं चौघांना हाताशी घेतलं, दगड मुळातून सोडवला आणि हळूच जमिनीवर आडवा केला. उभा दगड मेलेल्याचा. आडवा दगड कुणाचाच नाही, त्यावर बसायचं. गायता आधी बसला आणि बाजूला जागा ठेवून म्हणाला, “ढोरकी कधी आला तं इथी बसन.”

भात वाढत असताना म्हातारीनं मला हटकलं. तिनं तीन दिवस हाच विचार केला असावा. “बाई, तो मेला नव्हता. मंग इतके दिवस कुठी होता म्हणतेस?”

मी सांगितलं. वखारीवर, लाकडं राखत, बहुतेक.

“नि त्याच्या गावच्या लोकाइनं विचारलं नाई, तुझं गाणं काऊन बंद झालं म्हणून?”

मी म्हणाले, भ्याले असतील.

“भ्याले असन,” ती म्हणाली. “पण तू तं भेली नव्हती. तू काऊन नाई विचारलं?”

तिचं खरं होतं. नाव गळलेलं दिसल्यावर मी रडले, लेख लिहिला, सभा घेतली, माणसांना उन्हात उभं केलं. पुस्तिकेच्या मागं पत्ता छापलेला होता. तीन पैशांचं कार्ड टाकून तो माणूस कुठं आहे एवढं विचारायचं मात्र मला सुचलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी पहिलं पत्र त्या पत्त्यावर लिहिलं. उत्तर आलं, छापील, आभाराचं, सोबत किमतींची यादी. मी दुसरं लिहिलं. ती पत्रं अजून चालू आहेत, आणि दरवेळी प्रश्न एकच असतो: मधली वर्षं त्याचं गाणं का बंद होतं?

मुलं दुसऱ्याच दिवशी शाळेत आली होती, जेवून सुस्तावलेली.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्याही गावात कुणीतरी असेल. दंडारीच्या खेळात गाणारा आणि गेल्या मंडईच्या जत्रेत ज्याला बोलावलं नाही असा, किंवा वर्तमानपत्रात लिहिता लिहिता एकाएकी थांबलेला, किंवा जात्यावर गाणारी आणि आता गप्प झालेली एखादी म्हातारी. त्याच्यावर लेख लिहू नका, सभा तर मुळीच घेऊ नका. या आठवड्यात त्याच्या घरी जा, समोर बसा, तुमचं गाणं का थांबलं म्हणून विचारा, आणि तो जे सांगेल ते त्याच्या देखत कागदावर उतरवून घ्या.